पिंपावर घातलेलं नाव

मैत्रिणींनो, आज मी भांड्यांच्या दुकानात चारचौघांत रडले. हसू नका, आधी ऐका.

विरारला भाड्याने घर घेऊन आम्हाला पंधरा दिवस झाले. घरात एक गादी, एक शेगडी आणि संतोषने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, वालीवच्या त्याच्या वर्कशॉपमध्ये बनवलेलं लोखंडी रॅक, एवढंच सामान. पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून आज स्टीलचं पिंप घ्यायला गेलो.

दुकानदाराने मशीन हातात घेऊन विचारलं, "नाव काय घालू, वहिनी?"

लग्नात सासूबाईंनी माझं नाव बदललं. संतोषने अंगठीने ताटातल्या तांदळात 'मानसी' लिहिलं आणि मी मानसी झाले. अजूनही त्या नावाने कोणी हाक मारली, तर दुसऱ्या हाकेला कळतं की ती मीच.

मी 'मानसी' म्हणणार, तेवढ्यात संतोष म्हणाला, "निर्मला घाला."

माझं माहेरचं नाव! मी हळूच म्हटलं, "अरे, आई रविवारी येणार आहेत. बघतील ना."

"बघू दे. तांदळात आई म्हणाली ते लिहिलं. हे मी सांगतोय."

मशीन टर्रर्र वाजत होतं आणि मी डोळे पुसत होते.

घरी आल्यावर भीतीने मी नाव भिंतीकडे करून पिंप ठेवलं आणि आंघोळीला गेले. येऊन बघते तर नाव समोर! वर त्याने पिंप काठोकाठ भरूनही ठेवलेलं. आता ते माझ्या एकटीच्याने हलायचं नाही.

तुमचं माहेरचं नाव तुमच्या घरात कशावर आहे का गं?