पोटावर फाटलेली कोळंबी

आमच्या वहिनीकडे दुरुस्तीला काही आणलं की ती आधी ते नाकाशी धरायची. खारट वास आला की मेलात! "समुद्रातून काढली आणि तशीच डब्यात कोंबली? गोड्या पाण्यात बुडवायला हात झिजतात काय? गळ गंजले की मग वहिनी आठवते!" हे सगळ्यांनी मान खाली घालून ऐकायचं. मग तो धक्क्यावरचा सगळ्यात जुना होडीवाला असो, नाहीतर खुद्द तिचा नवरा, म्हणजे माझा दादा.

आणायचे काय, तर खोटी कोळंबी. माकूल, म्हणजे ते शाई सोडणारं स्क्विड, पकडायचं आमिष हो. बोटाएवढी लाकडी कोळंबी, अंगावर घट्ट चिकटवलेलं रंगीत कापड, गळ्याखाली शिशाचा तुकडा आणि शेपटीला गळांचं कडं. माकूल मागून येऊन तिला मिठी मारतं आणि मानेवर चोच मारतं. मारून मारून मानेवरचं कापड फाटतं, लाकूड उघडं पडतं. मग ती येते वहिनीकडे.

वहिनी शिंप्याची लेक. लग्न होऊन आली तेव्हा दादाने स्वतः दुरुस्त केलेली कोळंबी बघून म्हणाली, "ही शिवलीय की हिला गालगुंड झालंय?" तेव्हापासून ते काम तिचं. तळमजल्यावरची खिडकीजवळची खोली तिची, तिथलं खणाचं टेबल तिचं, चिंध्यांचा डबा तिचा. टेबलाशेजारी पाण्याची बादली कायम भरलेली. कोळंबी तयार झाली की दोऱ्याला बांधून तिच्यात सोडायची. नाक थोडं खाली करून सरळ बुडाली तर पास. जरा जरी कुशीवर कलली तर कापड टराटरा उपटायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. कललेल्या कोळंबीकडे माकूल ढुंकूनही बघत नाही.

अशी ही बाई एके दिवशी सकाळी उठली ती उजवी बाजू लुळी घेऊनच. बोलणं लवकर परतलं, पायही हळूहळू वळणावर आला. उजव्या हाताची बोटं मात्र ऐकेनात. चिमटा धरायला गेली की चिमटा खाली. डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या, मनाला त्याहून जास्त द्या. झालं! दादाने धक्काभर सांगून टाकलं की काम आणा आणि कसंही झालं तरी तोंडातून वाईट शब्द काढू नका. मला वेगळी तंबी. "तुझी जीभ जरा पेटीत ठेव."

मी आणि गप्प! पोट फुगायची वेळ आली माझ्यावर. लोक यायचे, कोळंब्या अगदी लख्ख धुतलेल्या. वहिनीला रागवायला जागाच नाही. ती जमेल तशी करायची. कापड एका बाजूला गोळा व्हायचं, गोंदाचे फुगवटे यायचे, आणि हे म्हणायचे, "वा, पहिल्यासारखीच!" दादाच्या होडीवरचा गडी, आमचा भोंगा, जो चहासुद्धा ओरडून मागतो, तोही तिच्यासमोर कुजबुजायला लागला. वहिनी नुसती मान हलवायची. बादली तिने पालथी घातली होती आणि वर औषधांचा डबा ठेवला होता. म्हणजे बुडवून बघणं बंद.

एका दुपारी मी तिच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. ती खिडकीशी दादाची कोळंबी उलटसुलट करत बसली होती.

"वन्सं," ती म्हणाली. एरवी मी नुसती 'बाई'. वन्सं म्हटलं की समजायचं, काहीतरी बिनसलंय. "ही पोटावर फाटलीय."

"मग?"

"माकूल पोटावर कधीपासून चावायला लागलं?"

माझ्या हातातली घडी तशीच राहिली. तिने कोळंबी माझ्यापुढे धरली. पोटावरच्या शिवणीवर सरळ चीर होती, सुरीची. मानेवर ओरखडासुद्धा नाही. शाईचा डाग नाही, वास नाही.

"तुमच्या भावाला बोलवा."

दादा आला. तिने काही न विचारता कोळंबी त्याच्या तळहातावर ठेवली. दादाला खोटं बोलता येत नाही. लहानपणीही आलं नाही, मार मात्र भरपूर खाल्ला. तो खाली बघत म्हणाला, "शिवणीवर उसवली की तुला सोपं जाईल, असं वाटलं गं."

"आणि मी केलेल्या बाकीच्या?"

"आहेत होडीवर. डब्यात."

"पाण्यात किती गेल्या?"

दादाने कोळंबी या हातातून त्या हातात केली.

"घेऊन या."

तो डबा घेऊन आला तोवर तिने औषधं खाली ठेवून डाव्या हाताने बादली सुलटी केली होती. मला म्हणाली, "भरा." मी भरली. एकेक कोळंबी ती पाण्यात सोडत गेली. एक कलली. दुसरी कलली. तिसरीने तर सरळ पोटच वर केलं. भोंगा दादाच्या मागोमाग आला होता, तो दारातून हळूच म्हणाला, "वहिनी, एवढं काही नाही हो..."

"गप बस!" ती ओरडली आणि तिथेच रडायला लागली. "वाकडी झालीय म्हणाला असतात तर सरळ केली असती मी! हात गेला माझा, अक्कल गेली का? मला खेळायला चिंध्या देऊन बसवलंत सगळ्यांनी मिळून?"

दादाचे डोळे भरले होते. मी पदराने नाक पुसलं आणि तोंड उघडलं. कोणीतरी उघडायलाच हवं होतं. "वहिनी, खरं सांगू? ही तिसरी कोळंबी नाहीच. उशी आहे."

क्षणभर मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढते. पण ती रडतारडता फस्सकन हसली. "आता बोललीस, बाई! उद्यापासून इथे बसायचं. गोड बोललीस तर चहा बंद."

दुसऱ्या दिवशी सगळ्या उपटल्या. धरायला उजवा हात नाही, तर तिने कोळंबीचं नाक टेबलाच्या खणात अडकवलं आणि पोटाने खण दाबून धरला. डाव्या हाताने कापड ओढायचं, उजव्या कोपराने ते दाबायचं, दोरा दातांत. पहिल्या कित्येक तर माझ्या उशीच्या वळणावर गेल्या. मी नावं ठेवत होते, ती उपटत होती, बादली हो-नाही सांगत होती. कधी ती चिडून कात्री फेकायची. मी उचलून पुन्हा हाताशी ठेवायची. आणि मग एक बुडाली. नाक थोडं खाली, सरळ. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. तिने ती वर काढून पुन्हा सोडली. पुन्हा सरळ.

"अहो," तिने दादाला हाक मारली, "ही न्या. आणि डब्यात ठेवायला नाही."

दादा परत आला तेव्हा आम्ही चहा घेत होतो. काही न बोलता त्याने कोळंबी टेबलावर ठेवली. मानेवरचं कापड फाटून लोंबत होतं, खालचं लाकूड दिसत होतं, शेपटीपर्यंत काळी शाई वाळली होती. वहिनीने ती उचलली. उजवा अंगठा कसाबसा मानेवरच्या फाटक्या जागेवर नेऊन टेकवला. मग सवयीने कोळंबी नाकाशी धरली.

तिचा चेहरा लालबुंद झाला.

"अहो! लाज वाटते का? समुद्रातून काढली आणि तशीच आणून टाकली माझ्या टेबलावर? गोड्या पाण्यात बुडवायला हात झिजतात काय तुमचे?"

"चुकलो," दादा म्हणाला. हसत होता आणि डोळ्यांतून धारा. त्याने ती मुद्दाम धुतली नव्हती की घाईत विसरला होता, हे मी अजून विचारलेलं नाही.

तेवढ्यात भोंगा दारात आला होता, कोळंब्यांचा डबा घेऊन. वहिनीचा आवाज ऐकला आणि तसाच मागे फिरून नळाकडे पळाला.