झाकणाखालची भाकरी

माझ्या लेकाच्या नव्याकोऱ्या पिकअपच्या इंजिनात मी एकदा दोन भाकऱ्या ठेवल्या होत्या. अगदी आत नव्हे. इंजिन आणि त्याच्यावरचं काळं प्लास्टिकचं कव्हर यांच्या मधल्या फटीत, इरकलीच्या जुन्या फडक्यात बांधून, नीट आत सारून. तेव्हा मी अजाण होते. वय अठ्ठावन्न.

आता त्या अजाण बाईची बाजू घेणारं कुणी नाही, म्हणून मीच दोन शब्द बोलते. आमचे हे, म्हणजे लेकाचे आप्पा, निपाणीच्या वखारींतून तंबाखूचा ट्रक न्यायचे. त्या जुन्या ट्रकांचं इंजिन निम्मं केबिनमध्येच असायचं, डायव्हरच्या डाव्या अंगाला, उंटाच्या पाठीसारखं वर आलेलं. त्यावर रेक्झिनची गादी आणि गादीवर माझ्या भाकरीचं गाठोडं. दुपारी कुठंही गाडी लावली तरी भाकरी तव्यावरून काढल्यासारखी, असं हे घरी येऊन सांगायचे. मला तेवढं कौतुक पुरायचं.

लेकाच्या पिकअपला ती पाठच नव्हती. इंजिन पुढं, बॉनेटखाली. पोरगं गार भाकरी खातंय म्हणून माझा जीव खाली-वर. गाडी आली त्या दिवशी गॅरेजच्या मिस्त्रीनं ते काळं कव्हर उचलून दाखवलं होतं. नट नाही, बोल्ट नाही. चार रबरी बोंडांवर बसलेलं, ओढलं की हातात. मी लांबून बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे तर झाकण. आणि झाकणाचं काम काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

एका सकाळी तो बॉनेट उघडून ऑइल बघत होता. चहाला आत आला, तेवढ्यात मी कार्यक्रम उरकला. कव्हर नीट बसेना, तेव्हा वरून दोन गुद्दे घातले. त्याला मुद्दामच सांगितलं नाही. ह्यांना गाडी थांबली की बॉनेट उघडायची सवय होती. बापाचा लेक आहे, हाही उघडेल, वास येईल, आणि आई आठवेल. दुपारी फोन करून विचारलं, जेवलास का? जेवलो म्हणाला. मी दिवसभर स्वतःवर खूश. डबा घरीच राहिला असं समजून तो मित्राकडं जेवला होता हे मला दहा दिवसांनी कळलं.

तो वडगावच्या मागांवरच्या साड्या निपाणी-कोल्हापूरच्या दुकानांना पोचवायचा. रोज सकाळी माल आणायला तवंदी घाट चढायचा. दुसऱ्या दिवसापासून घाटात जळका वास यायला लागला. सपाटीला आलं की वास गायब. पोरगं घाबरलं. परतताना मागं साड्यांचे गठ्ठे, आणि पुढं काहीतरी जळतंय. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. वर कव्हर चकचकीत, डाग नाही. तो म्हणाला, इंजिन झकास आहे, तूच क्लचवर पाय ठेवून चालवतोस, प्लेट जळतीय.

हे त्याला लागलं. पुण्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून तो बापासारखी गाडी चालवायला घरी आला होता. पाय जपून ठेवू लागला, तरी वास येतच राहिला. मला त्यानं बॉनेटला नाक लावून बघायला सांगितलं. पण माझं नाक वखारीत बावीस वर्षं तंबाखू चाळण्यात गेलेलं. मी मोठ्या माणसासारखी मान हलवली आणि म्हणाले, रबर असंल.

आठव्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "आई, मी कंपनीतच बरा होतो. आप्पांचा हात न्हाय माझ्यात." पुण्याच्या साहेबाला फोन करून झाला होता. सून आणि नातही त्याच्याबरोबर जाणार होत्या. मी म्हटलं, जावा की, मला काय धाड भरलीय. मग डोळ्यांत पाणी आलं, तर कांद्याचं नाव सांगितलं. घरात आठवडाभर कांदा नव्हता, हे सुनेला ठाऊक होतं.

दोन दिवसांनी सदलग्याचा एक माणूस गाडी विकत घ्यायची म्हणून बघायला येणार होता. त्या दिवशी लेक गाडी घेऊन गॅरेजला गेला. इकडं सून पुण्याला न्यायचं सामान बांधायला बसली आणि सहज म्हणाली, "आत्ती, ते लाल काठाचं इरकली फडकं कुठं दिसंना गेलंय?"

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. फडकं कुठं आहे ते मला एकदम दिसलं. भाकरीसकट दिसलं.

सुनेच्या स्कूटीवर मागं बसून गेले. वाटेत तिला सगळं सांगितलं, तर तिनं गाडी कडेला लावली आणि हँडलवर डोकं टेकून हसली. मी तिला म्हटलं, बाई, नंतर हस, तो तिकडं गाडी देऊन बसंल.

गॅरेजमध्ये तो माणूस टायर दाबून बघत होता. मी सरळ मिस्त्रीला सांगितलं, ते वरचं काढ. तो म्हणाला, "आक्का, त्याच्याखाली काय नसतंय. नुसती तोंडाला लावायची पावडर हाय ती इंजिनाची." मी म्हटलं, काढ तर खरं.

त्यानं ओढलं. आत मागच्या बाजूला गाठोडं घसरलं होतं आणि त्याचं एक टोक तापणाऱ्या नळीवर जाऊन पडलं होतं. टोक जळून कोळसा झालेलं. एक भाकरी उंदरानं नेलेली, दुसरी काळी ठिक्कर. सदलग्याच्या माणसानं तुकडा मोडला, हुंगला आणि म्हणाला, "जोंधळ्याची हाय."

लेक माझ्याकडं बघत होता. मी सगळं कबूल केलं; उंटाच्या पाठीपासून दोन गुद्द्यांपर्यंत. तो गाडीत बसला, मिस्त्रीला शेजारी घेतलं आणि घाटाकडं गेला. आम्ही तिघं बाकावर. तो अर्धा तास मी ज्या देवांना कधी विचारलं नाही, त्यांचीही विचारपूस केली.

परत आल्यावर आधी मिस्त्री उतरला. "वास न्हाय," तो म्हणाला, "आणि ह्याचा पाय क्लचवर न्हवता. मी बगत हुतो." माझ्या छातीवरचं जातं कुणीतरी उचलून ठेवल्यासारखं झालं.

मग वाद सुरू झाला कव्हरचा. मिस्त्री म्हणे, फेकून द्या, हे नसतं तर पहिल्याच दिवशी मला गाठोडं दिसलं असतं. ह्याच्याखाली ऑइल गळलं तरी कळत नाही. लेक म्हणे, कंपनीनं काहीतरी विचार करूनच दिलं असेल. महिनाभर ते घरीच राहिलं. मी त्यात सांडगे वाळवले; खोलगट आहे, चांगले वाळतात. पण इंजिन पिठाच्या गिरणीसारखं वाजायला लागलं आणि वायरींवर धुळीचा थर बसला, म्हणून पुन्हा लावलं. आज गाडी जुनी झाली तरी ते जागेवर आहे. लेक दर रविवारी ते उचलून खाली बघतो. माझं मत विचाराल तर ठेवावं. दूध उतू गेलं म्हणून आपण झाकणं फेकत नाही, उचलून बघत राहतो. झाकणाचा काय दोष? त्यानं बिचाऱ्यानं मी दिलेलं इमानानं गरम केलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी सदलग्याच्या माणसानं हात झटकले आणि विचारलं, मग गाडी द्यायचं काय ठरलं? ते अर्धं जळालेलं फडकं झटकून, घडी घालून लेकानं माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला,

"आई, उद्या सकाळी सहाला वडगावला निघायचंय. भाकरी कर, पण हातात दे."