सोयरिकीत लावलेला जपानी पिक्चर

आमच्या नातीचं, वैशालीचं, लग्न एका जपानी पिक्चरमुळे जमलं, आणि तो पिक्चर लावायला मीच सांगितलं होतं.

पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मी साखरा गावात नवी सून होते. दिराच्या हळदीला भाड्याने व्हिडिओ आणला. देवाचा पिक्चर मागितला होता, दुकानवाल्याने चुकून जपानी कॅसेट दिली. सासरे पुढे खाटेवर, आम्ही सुना मागे भिंतीशी, पदर नाकाच्या खाली. (सासऱ्यासमोर पदर वर केला असता तर माझाच पिक्चर झाला असता!) पदराखालून मला फक्त बर्फ आणि खडावा दिसल्या. कानावर बासरी, देवळाची घंटा आणि लेकराला हाका मारणारी एक आई. मी हुंदके देऊन रडले. पुढची माणसं सारखी "अरे बाप रे, अरे बाप रे" करत होती. मला वाटलं, त्यांनाही भरून आलंय! मायलेकराचा एवढा चांगला पिक्चर नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. दीर सारखं त्याचं नाव घ्यायचा, म्हणून तेही पाठ होतं. (इथे लिहीत नाही. उगीच कुणी लावायचं.)

गेल्या वर्षी वारंगा फाट्याचे पाहुणे वैशालीला बघायला आले. पोराचे आईबाप. पोरगा वैशालीला आधीच पसंत होता, ते तिने मला एकटीलाच सांगितलं होतं.

"आजी, हे जमलंच पाह्यजे. तू फक्त तोंड उघडू नको."

पोहे आले. पोराच्या बापाने घसा साफ केला. "गाडीचं तेवढं बघा. आता समदेच देऊन राहिले."

माझ्या लेकाला, बबनला, घाम फुटला. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, पण वैशाली आतल्या दारातून डोळे वटारून उभी! विषय तर बदलायला पाहिजे. बोलू नको म्हणाली होती, पिक्चरचं काही म्हणाली नव्हती.

"सुनीता, टीव्हीवर त्यो जपानी पिक्चर लाव बरं," मी सुनेला म्हटलं. "मायलेकराचा हाय. लई संस्काराचा."

मी नाव सांगितलं, तिने रिमोटमध्ये बोलून शोधला. लागला. बर्फ, देऊळ, बासरी. पोराची आई म्हणाली, "किती शांत वाटून राहिलं!" मी ताठ बसले.

तेवढ्यात एक माणूस आला, त्याने दुसऱ्याला नमस्कार केला आणि त्याचं मुंडकं उडवलं! मुंडकं गडगडत पार पडद्याच्या कडेला. रक्त तर कसं? ठिबकचा पाईप फुटावा तसं! (त्या खडावांच्या वर एवढं काही चालू होतं, मला काय माहीत?)

आता बंद कोण करणार? आलेल्या पाहुण्यांसमोर फटकन टीव्ही बंद करणं बरं दिसत नाही. पाहुण्यांना वाटलं, घरातल्या म्हातारीने हौसेने लावलाय, कसं म्हणावं? रिमोट सुनीताच्या हातात. ती माझ्याकडे बघते, मी बबनकडे, बबन पंख्याकडे.

"पोहे घ्या ना," बबन म्हणाला.

"घेऊन राहिलो," पोराचा बाप म्हणाला. पडद्यावर एक हात तुटून पडला. त्यांनी बशी खाली ठेवली.

पोरीचं आयुष्य मी खुर्चीत बसल्या बसल्या बुडवलं! मग ती आई आली. म्हटलं, सुटलो, आता ही रडंल. बाईने लेकराच्या पाळण्यातून तलवार काढली आणि सासू, सासरा, दोन दीर, एका दमात आडवे!

पोराच्या आईने हळूच विचारलं, "आक्का, काहून मारलं वो तिनं ह्यायला? काय केलं होतं?"

मला जपानी कुठं येतं? घाबरून तोंडाला आलं ते बोलले, "काही मागितलं असंल."

पोराच्या आईने नवऱ्याला कोपर मारलं.

वैशाली चहा घेऊन आली. तिचा चेहरा पांढराफटक. पाहुण्यांनी तिच्याकडे धड पाहिलंही नाही. "पसंत हाय! पोरगी पसंत हाय!"

"अन् त्या गाडीचं..." बबन चाचरला.

"कोणती गाडी? आमाला कायबी नको!"

पोराची आई माझा हात धरून म्हणाली, "आक्का, पोरीला लेकीवानी ठेवू. जरा तकलीफ होऊ देणार न्हाई. तुमी बिलकूल यायची गरज न्हाई."

चहा तसाच टाकून गेले. मला वाटलं, घरी पोचले की फोनवर नकार देतील. फोन आला तो साखरपुड्याचा.

साखरपुड्यात मला सगळ्यांत मोठ्या खुर्चीवर बसवलं. म्हटलं, आपला मान वाढला! पान खायला सुपारी कातरावी म्हणून मी अडकित्ता मागितला. विहीणबाई जवळजवळ धावतच आल्या. "तुमी बसा आक्का, आमी कातरून देतो!"

सुपारी बशीभरून दिली. अडकित्ता काही माझ्या हाताला लागू दिला नाही.