रस्त्याकडचा पट्टा

आल्झिरा दालपियाझच्या शेताची काळजी वस्तीतल्या सगळ्या पुरुषांना होती. शेत ती स्वतः करत असल्यामुळे काळजी करायला त्यांना सवडही भरपूर होती. नवरा गेल्यापासून वीस वर्षं तिने जमिनीत नांगर शिरू दिला नव्हता. हिवाळ्यात ओट पेरायचे, फुलोऱ्यावर आले की रूळ फिरवून आडवे करायचे आणि त्या जाड गादीतूनच सोयाबीन टोचायचं. माती मऊ झाली होती, गांडुळांनी भरली होती, पाऊस पडेल तिथेच मुरत होता. पण हे रस्त्यावरून थोडंच दिसतं?

रस्त्यावरून दिसत होतं ते कडेच्या पट्ट्यातलं गुडघाभर तण. तणनाशक फवारलं की ते आंघोळ केल्यासारखं आणखी टवटवीत होई. आणि रविवारी चॅपेलच्या जत्रेला सगळे तिथूनच जाणार! घराण्याची अब्रू वाचवायला धाकटा दीर नेल्सो ट्रॅक्टरला तव्यांचा नांगर जोडून फाटकात हजर झाला.

"वहिनी, सरका. दुपारपर्यंत सगळं शेत नांगरून लालभडक करून देतो."

"सगळं? तण तर पट्ट्यात आहे, भावजी."

"आलोच आहे तर! लोक काय म्हणतील?"

वीस वर्षांची माती अर्ध्या दिवसात उलथायची, केवढे उपकार! तिने त्याच्यापुढे शिमराँवने भरलेला कोरीव भोपळा धरला. त्या कडू काढ्याला नाही म्हणायची इथे कुणाची छाती नाही. नेल्सो उतरला. घोट घेत ती त्याला पट्ट्याकडे घेऊन गेली.

"पलीकडे ओटची गादी आहे, तिथे तण दिसतंय?"

"नाही."

"इथे गादी का नाही?"

"ओट उगवले नसतील."

"छान उगवले होते. 'चार दिवस चरू द्या, वहिनी, घरचीच जनावरं' असं म्हणून गाई कुणी सोडल्या? दीड महिना मुक्काम होता. जमीन उघडी पाडून गेल्या."

नेल्सो भोपळ्यात बघत म्हणाला, "गाईंना काय कळतंय!"

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

"मग निदान पट्टा तरी नांगरतो."

"नांगर फाटकाबाहेरच राहील. बी धरायच्या आत हाताने उपटायचं. तुम्ही इथून सुरू करा, मी त्या टोकाने येते."

येणारे-जाणारे गाडी थांबवून विचारत, "काय रे नेल्सो, ट्रॅक्टर बिघडला?" तो कंबर धरून हसे.

नांगर माती न लागता परत गेला. आल्झिरा हट्टी, असं वस्तीचं मत पडलं, आणि वहिनीसाठी राबणाऱ्या नेल्सोचं जत्रेत फार कौतुक झालं. पुढच्या हिवाळ्यात त्याच्या गाई त्याच्याच ओटमध्ये चरल्या.