परतरावांची फुली

शर्टांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर बसणाऱ्या त्या माणसाला सगळे परतराव म्हणत. शिवून झालेला प्रत्येक शर्ट इस्त्रीला जाण्याआधी त्यांच्या हाताखालून जायचा. कुठे टाका सुटलेला असला, कॉलरचं एक टोक जरासं वर असलं, की तिथे निळ्या खडूची फुली पडायची आणि तोंडातून एकच शब्द निघायचा, "परत." शिलाईवरच्या बायकांच्या त्यांनी नाकी नऊ आणले होते. पण त्या बायका फुलीला भीत नसत. फुली म्हणजे दुरुस्त करून आणा, मी पुन्हा बघतो. खरी भीती वेगळीच होती. एखादा शर्ट पार हाताबाहेर गेलेला असला की परतराव खडू उचलतच नसत. नुसतं "ठीक आहे" म्हणायचे आणि शर्ट डावीकडच्या खोक्यात टाकायचे. त्या खोक्यातला माल सेकंड म्हणून फुटपाथवर जायचा आणि त्याच्याकडे पुन्हा कुणी ढुंकूनही पाहत नसे.

निवृत्तीनंतर कारखाना सुटला, खडू मात्र खिशातच राहिला. सकाळचा पहिला चहा परत जायचा, कारण त्यात पत्ती आलेली असायची. सलूनमध्ये मानेवरची रेघ तिरकी वाटली म्हणून ते दारातून मागे फिरून पुन्हा खुर्चीत बसायचे. एकदा तर त्यांनी भरपूर वापरून झालेली छत्री दुकानात परत नेली, आणि दुकानदाराने वाद नको म्हणून नवी दिली. बायकोने केव्हाच हात टेकले होते. ती आधण ठेवतानाच दुसऱ्या चहाचं पाणी बाजूला काढून ठेवायची.

मुलगा एकुलता एक, बँकेत नोकरीला. एका संध्याकाळी त्याने घरी येऊन सांगितलं की नोकरी सोडली, आता मी हॉटेलात स्वयंपाकी होणार. आता बराच वेळ ऐकून घ्यावं लागणार, हे ओळखून आईने आधी गॅस बंद केला. परतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बोलायचं तर खूप होतं. पण सुरुवात कुठून करावी तेच कळेना. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे."

त्याच आठवड्यात मुलगा वेगळा राहायला गेला. आईला फोन करायचा, बाबांची तब्येत विचारायचा आणि ठेवून द्यायचा. परतरावांना ते फार लागायचं. मी तर त्याला एका शब्दाने दुखावलं नाही, असं ते बायकोला अधूनमधून ऐकवत. आणि ते खोटंही नव्हतं.

पुढे मुलगा गावाच्या मध्यभागातल्या एका वाइन आणि बिअरच्या बारमध्ये मुख्य स्वयंपाकी झाला आणि त्याने आईबाबांना जेवायला बोलावलं. दोघांनाही, असं आईने पुन्हा विचारून खात्री करून घेतली. बसमध्ये बसल्यावर तिने नवऱ्याला बजावलं.

"हे बघा, आज काही वावगं बोललात तर तो पुन्हा बोलावणार नाही."

"मी कुठे काय बोलतो?"

"तेच. विचारलं तर छान म्हणायचं."

"आणि खरंच छान असलं तर?"

"तरी छानच म्हणायचं."

बार होता बँक आणि चष्म्याचं दुकान यांच्या मधोमध. आत लांब वायरींना लटकलेले दिवे होते, त्यांचा उजेड जेमतेम त्यांच्यापुरता. खुर्च्या एवढ्या उंच की दोघांचे पाय लोंबकळत राहिले. टेबल डुगडुगत होतं. सवयीने परतराव कागदी नॅपकिनची घडी करून टेबलाच्या पायाखाली सारायला वाकले, पण बायकोने नुसतं पाहिलं आणि ते सरळ झाले.

वेटरने ग्लासात घोटभर वाइन ओतली आणि तो तसाच उभा राहिला.

"एवढीच?" परतरावांनी विचारलं.

"आधी चाखून बघा, साहेब. पसंत नसेल तर परत नेतो."

हे वाक्य ऐकण्यासाठी परतराव जन्मभर थांबले होते. आजवर एकाही दुकानात, एकाही काउंटरवर कुणी त्यांना हे आपण होऊन म्हटलं नव्हतं. त्यांनी घोट घेतला. झाकण उघडं राहिलेल्या खोकल्याच्या औषधाची चव होती. टेबलाखाली बायकोची चप्पल त्यांच्या बुटावर येऊन टेकली.

"छान," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

मग सूप आलं. वाटी परातीएवढी आणि सूप तळाशी, तेही कोमट. पाव लाकडी फळीवर आला. तो मोडल्याचा आवाज ऐकून शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. चिकन वरून काळं आणि आतून कापसासारखं कोरडं, त्यावरच्या सॉसमध्ये मीठ सढळ हाताने घातलेलं. बटाटे मधोमध कच्चे. घास तोंडातल्या तोंडात फिरत राहायचा.

"पाणी प्या," बायको हळूच म्हणाली.

"पितोय."

स्वयंपाकघराच्या भिंतीला एक चौकोनी खिडकी होती आणि तिच्यात अधूनमधून एक पांढरी टोपी दिसायची. टोपी दिसली की परतराव जोरजोरात मान डोलवायचे. त्यांनी सगळं संपवलं. चिकनवर शोभेला ठेवलेली हिरवी काडीसुद्धा चावून खाल्ली.

"ती खायची नसते हो."

"राहिली तर विचारेल."

शेवटी मुलगा बाहेर आला. अंगात पांढरा कोट. दुसरं बटण काळ्या दोऱ्याने लावलेलं. परतरावांचा हात खिशातल्या खडूपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"कसं होतं, बाबा?"

"छान."

"सूप?"

"छान."

"आणि चिकन?"

"तेही छान."

नवऱ्याने एवढं निभावून नेलं म्हणून आईचा ऊर भरून आला. मुलगा मात्र चाटूनपुसून लख्ख केलेल्या प्लेटकडे बघत राहिला.

"टाकलंत ना डावीकडच्या खोक्यात?" तो म्हणाला.

आईला काही कळेना. परतरावांना लगेच कळलं.

"शाळा सुटली की तुमच्या टेबलाखाली बसूनच अभ्यास करायचो मी. तुम्ही कुठल्या शर्टाला ठीक आहे म्हणता, ते मला माहीत आहे. नोकरी सोडली तेव्हाही तेवढंच म्हणालात. निदान ओरडायचं तरी होतं."

 आपण मुलाला खोक्यात टाकलं असं तो एवढे दिवस समजून होता, हे परतरावांना सहन होईना.

"तेव्हा मला बोलताच आलं नाही रे," ते म्हणाले. "घाबरलो होतो मी. तुझं पुढे कसं होणार, या काळजीने."

मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. "बोलू का?"

"बोला आता," ती म्हणाली.

त्यांनी खडू काढला. गुळगुळीत प्लेटवर तो उमटेना, म्हणून त्यांनी शेजारी काळ्या टेबलावरच फुल्या मारायला सुरुवात केली. एक सूपच्या वाटीपाशी, एक पावाच्या फळीपाशी. चिकनपाशी दोन. कोरडं कशाने झालं, मीठ कुठे जास्त पडलं, बटाटे आधी उकडून का घ्यायचे, सगळं सांगितलं. वाइनच्या ग्लासापाशी हात थांबला.

"ही काही तू केलेली नाहीस. हिचं जाऊ दे."

मुलगा मान खाली घालून ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा सैल झाला, आणि असा तो घर सोडल्यापासून आईला दिसला नव्हता. वेटर फडकं घेऊन टेबल पुसायला आला, तर मुलाने त्याचा हात धरला.

"पुसू नकोस. काम बाकी आहे." मग बाबांकडे वळून म्हणाला, "थांबता ना?"

"थांबतो. करून आण, मी बघतो. आणि रविवारी तो कोट घेऊन घरी ये. बटणाचा दोरा चुकलाय."

"येतो."

तो प्लेटा गोळा करू लागला. आईच्या पुढ्यातलं सूप जवळजवळ तसंच होतं. त्याने वाटीला हात घातला, तेव्हा तिने नवऱ्याच्या बोटांतून खडू काढून घेतला. जन्मभर जिच्या चहाला फुली पडत आली, त्या बाईने आपल्या वाटीसमोर एक ठसठशीत फुली मारली.

"गार होतं," ती म्हणाली.