बिलातली ती ओळ

सुमे, इकडं ये, जवळ बस. मोबाइल ठेव जरा खाली. दवाखान्यात बिलाच्या खिडकीवर नोकरीला लागलीस, आनंद हाय. पण मघाशी जेवताना काय म्हणालीस? "मावशी, खेड्यातली लोकं काउंटरवर डोकं खातात." सगळी हसली. मला न्हाई हसू आलं. असं बोलत्यात व्हय गं? त्या डोकं खाणाऱ्यांतली एक मी व्हते.

पुण्यातला मोठा दवाखाना. माझी सून एक्मोवर व्हती. निमोनियानं फुप्फुसं बंद पडलेली. अंगातलं रक्त नळीनं बाहेर काढायचं, मशीननं त्यात प्राणवायू भरायचा, परत अंगात सोडायचं. दार बंद. आत कुणाला सोडत नव्हते. पोरगा चाकणला कामावर, तो येईस्तोवर डॉक्टर गेलेले असायचे. दिवसभर मी एकली.

रोज सकाळी खिडकीतून बिल यायचं. पोरानं त्यातली एक ओळ बोटानं दाखवून ठेवली व्हती. "आई, ही एक्मोच्या डॉक्टरची रोजची फी. मशीन कमीजास्त करत्यात ना, त्याची." लई मोठा आकडा. इंग्रजी मला येत न्हाई, पण एक्मोची अक्षरं ओळखायला शिकले. ओळ हाय, म्हंजे सून हाय. तिची खुशाली मला त्या कागदावरनं कळायची. कुणाला विचारलं न्हाई. एवढ्या मोठ्या माणसांना कसं विचारायचं? ओळ बघायची, सही करायची, बाकावर बसायचं.

एका सकाळी ओळच न्हाई.

खोटं कशाला बोलू. पहिल्यांदा मनात आलं, आजची फी वाचली. मग वाटलं, मशीन काढलं, बरी झाली. आन् सगळ्यात शेवटी वाटलं, गेली तर न्हाई? असा क्रम लागला, सुमे. आधी पैसा.

खिडकीतल्या पोराला विचारलं, "दादा, मशीन काढलं का?"

तो शेजारच्याकडं बघून हसला. "आजींना वाटलं डिस्चार्ज." मग मला म्हणाला, "ओळ टाकायची राहिली, आजी. उद्या दोन दिवसांची लावतो. तुम्ही सही करा. तुम्हाला काय कळणार त्यातलं."

मागनं कुणीतरी बोललं, "आवरा ओ आजी, ही काय गावची चावडी नाय."

पेन हातात व्हतं. ते खिडकीत ठेवलं.

"न्हाई करत सही. ज्याची फी लावता त्याला बोलवा. माझी सून आज कशी हाय, ते त्यानं मला सांगावं."

"डॉक्टर बिलासाठी येत नसतात."

"मग बिल डॉक्टरसाठी कसं येतं?"

खिडकीपुढंच खाली बसले. वॉचमन आला, उठा म्हणाला. न्हाई उठले.

दुपारी डॉक्टर आले. दमलेले. माझ्याशेजारी टेकले. म्हणाले, "मावशी, आज मशीन थोडं कमी करून बघितलं. तिला झेपलं नाही. रक्त पातळ ठेवायचं औषध बदललंय. पण फुप्फुसं उघडत नाहीयेत." मग माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला रोज कुणी सांगत नाही?"

काय सांगू? मी विचारलं कुठं व्हतं.

फी खोटी नव्हती, सुमे. तो माणूस रोज तिच्याजवळ उभा राहत व्हता. कुणी सांगितलं न्हाई, ही त्यांची चूक. तिची सासू असून मी विचारलं न्हाई, ही माझी.

सून गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत. तेवढे दिवस मी रोज डॉक्टरला गाठलं. पण आधीचे दिवस दाराच्या पल्याड ती एकली झुंजत व्हती, आन् मी कागद बघत बसले. ते काय केल्या फिटत न्हाई.

आता आमच्या गावातनं, पिंपळवंडीतनं, कुणीबी पुण्याच्या दवाखान्याला निघालं की मी संगं जाते. खिडकीपुढं उभी राहते. आधी माणसाचं सांगा, मग सही. हसू दे कुणाला हसायचं त्याला. उद्या तुझ्या खिडकीवरबी येईन. भाची म्हणून सोडायची न्हाई.

सकाळची यष्टी हाय ना तुझी? जा. पण दिवाळीची वाट बघू नको, लवकर ये परत. खिडकीपुढं आलेल्या बाईला काय सांगितलंस, ते मला सांगायला ये.