ताईच्या सासऱ्यांचा संघ

माझ्या ताईच्या सासऱ्यांनी हरण्याचा जेवढा विचार केला, तेवढा कुणी जिंकण्याचाही केला नसेल. हरायचे ते स्वतः नव्हेत; हरायचा रत्नागिरीचा फुटबॉल संघ. दरवर्षी दिवाळीच्या आसपास हा संघ सर्व्हिस मोटारीत बसून घाट चढायचा, घाटावरच्या संघाकडून सडकून मार खायचा आणि तिसऱ्या दिवशी अंग चोरत परत यायचा. मग पुढचे अकरा महिने ताईचे सासरे ओसरीवर बसून ‘आपण का हरलो’ याचा शोध घेत. एकोणीसशे तीसच्या सुमाराला मी संगमेश्वराकडून येऊन रत्नागिरीच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि चार वर्षं ताईच्याच घरी राहिलो. त्यामुळे हे सगळं सर्वांत आधी माझ्या कानांवर पडायचं.

उमेदीची सारी वर्षं त्यांनी बोटीवर सारंग म्हणून, म्हणजे खलाशांचा मुकादम म्हणून, काढली होती. कलकत्त्याच्या मैदानावर अनवाणी बंगाली पोरांनी बूट घातलेल्या गोऱ्या सोल्जरांना हरवलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि तिथेच त्यांचं डोकं फिरलं, असं ताईच्या सासूबाईंचं म्हणणं. नोकरी संपवून घरी आले ते कातडी चेंडू आणि एक शिट्टी घेऊन. तेव्हापासून घरातली भाषाच बदलली. जेवताना म्हणायचे, “काय गो सूनबाई, आमटी उजव्या बाजूने येऊ दे, डावीकडे भाताची गर्दी झालीय.” चहाला उशीर झाला की शिट्टी वाजवायचे. उन्हाळ्यात ओसरीवर फणसाच्या अकरा आठळ्या म्हणजे रत्नागिरी आणि अकरा काजूबिया म्हणजे घाटावरचे, असा डाव मांडलेला असे. एकदा ताईने केर काढताना आठळ्या उचलल्या आणि आमटीत टाकल्या. पानात पडलेली आठळी बोटांत धरून त्यांनी नीट निरखली. “हा आपला लेफ्ट बॅक,” ते खिन्नपणे म्हणाले, “यंदा घाट चढायच्या आधीच गारद.” आणि खाऊन टाकली.

त्यांचं दुःख खरं होतं, कारण गावात खेळाडूंना तोटा नव्हता. वरची आळी, खालची आळी आणि बंदर असे तीन संघ होते. पाऊस ओसरला की त्यांचे सामने लागत आणि त्या दिवशी दुकानदार फळ्या लावून मैदान गाठत. बंदराच्या पोरांचे पाय वाळूत पळून लोखंड झालेले. वरच्या आळीचे दोन भाऊ एकमेकांकडे न बघता पास द्यायचे. खालच्या आळीचा सेंटर फॉरवर्ड चेंडू घेऊन निघाला की त्याच्या वाटेत यायला लोक कचरत. राजापूरचा संघ यायचा, त्याला यातली कुठलीही आळी एकटी लोळवायची. पण घाटावर जायचा तो साऱ्या रत्नागिरीचा संघ, प्रत्येक आळीची माणसं वाटून घेतलेली. चार, तीन आणि तीन. चौथा कुणाचा यावर दरवर्षी हातघाई. अकरावा गोलकीपर, त्या जागेवर ताईच्या सासऱ्यांनी मला उभा केला. मी म्हटलं, “मला येत नाही हो.” ते म्हणाले, “येत नसू दे. तुला आळी नाही, एवढं पुरे.”

आधी त्यांनी पराभवाचा दोष बुटांना दिला. मग जेवणाला. घाटावरचे भाकरी खातात आणि आपण पेज, म्हणून एका वर्षी महिनाभर सगळ्यांना भाकरी चारली, तर तिघांची पोटं बिघडली. माझ्या पहिल्या सामन्याला मात्र ते हातात दोन दोऱ्या घेऊन बसले. आपल्याच आळीवाल्याला पास दिला की एका दोरीला गाठ, दुसऱ्या आळीवाल्याला दिला की दुसरीला. पाच गोलांनी हरून आम्ही मोटारीत चढलो, तेव्हा त्यांनी दोऱ्या माझ्यापुढे धरल्या. पहिली गाठींनी भरून आखूड झाली होती. दुसरीला दोनच गाठी होत्या. “आणि त्यातला एक चुकून गेलाय,” ते म्हणाले.

मोटार घाट उतरायला लागली तसे ते पुन्हा बोलले. “एक दिवस अख्ख्या हिंदुस्थानचा संघ निघेल बघ. कलकत्त्याचा, मुंबईचा, मद्रासचा एकेक हिरा त्यात असेल. जो तो आपापल्या गावी वाघ. आणि सगळे मिळून हरतील. लोक बुटांना दोष देतील, हवेला देतील. तू तेव्हा माझी आठवण काढ.”

पुढच्या वर्षी सरावाला त्यांनी आम्हाला मैदानावर नेलंच नाही. भाट्याच्या खाडीवर नेलं, एका मोठ्या होडीत बसवलं आणि हातांत वल्ही दिली. पोरं आपापल्या आळीला धरून बसली. एका बाजूला सगळं बंदर, दुसऱ्या बाजूला वरची आळी. होडी जागच्या जागी गरगरायला लागली. काठावरच्या कोळणी हसून हसून पाट्या खाली ठेवायच्या. ताईचे सासरे नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, उभे राहून ओरडत, “बंदरवाल्यांनो, हळू! वरच्या आळीच्यांनो, जिवंत आहात काय मेल्यांनो?” मग त्यांनी हाताला धरून एकेकाला उठवलं आणि आळीत आळी मिसळून बसवलं. आठ दिवस शिव्या, रुसवे, एकदा तर वल्ह्यांनी मारामारी. नवव्या दिवशी होडी सरळ निघाली आणि थेट खाडीच्या मुखापर्यंत गेली.  ताईचे सासरे नुसते उपरण्याने डोळे टिपत राहिले आणि खारं वारं फार सुटलंय म्हणाले.

त्या दिवाळीतही आम्ही हरलो. चार गोल माझ्याच पायांतून गेले. पण खेळ संपत आला असताना वरच्या आळीच्या धाकट्या भावाला चेंडू मिळाला. थोरला भाऊ उजवीकडे हात वर करून उभा होता. धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं आणि चेंडू दिला खालच्या आळीच्या सेंटर फॉरवर्डला, ज्याच्या घराशी यांचं जाणं-येणंही नव्हतं. गोल झाला. सत्तरीचे ताईचे सासरे धोतर सावरत मैदानात धावले. रेफरीने त्यांना हाताला धरून बाहेर काढलं, तरी ते वळून वळून हसत होते. रत्नागिरीला मोटार थांबली तेव्हा जमलेल्या लोकांनी विचारलं, “किती?” कुणीतरी म्हणालं, “चार-एक.” लोक पाठ फिरवून गेले. ताईचे सासरे त्यांच्यामागून सांगत चालले, “अहो, तो एक कसा झाला ते तरी ऐका!”

ऐकायला कुणी थांबलं नाही, आणि पुढे खेळायलाही फार कुणी राहिलं नाही. सेंटर फॉरवर्ड मुंबईला गिरणीत लागला, दोघे भाऊ गोदीत, बंदराची पोरं बोटींवर. वर्ष-दोन वर्षांत आळ्यांना अकरा माणसं मिळेनाशी झाली. माझीही बदली मुंबईला झाली. तिथे एका रविवारी मैदानावर ओळखीची हाक ऐकू आली म्हणून थांबलो, तर आमचीच पोरं खेळत होती. वरची, खालची, बंदर, सगळी एका संघात. संघाचं नाव विचारलं, तर म्हणाले, “रत्नागिरी. दुसरं काय असणार?” गोलकीपर नव्हता. मी उभा राहिलो.

मी पत्र टाकलं आणि ताईचे सासरे मिळेल त्या आगबोटीने आले. मैदानाच्या कडेला रुमाल अंथरून बसले. आम्ही तीन-एकने जिंकलो. मला वाटलं, आता शिट्टी वाजवतील, नाचतील. ते बसूनच होते. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले, “कोण कुठल्या आळीचा, सगळा वेळ मला आठवलंच नाही रे.” मग म्हणाले, “हे तिकडे का नाही झालं?” 

परत जाताना त्यांना पोचवायला अकराही जण धक्क्यावर आलो. बोट सुटताना ते कठड्याशी उभे राहून ओरडले, “दिवाळीला या रे सगळे! एक सामना आपल्या मैदानावर!” आम्ही सगळे एका आवाजात “येतो, येतो” म्हणालो.

दिवाळीत कुणाला गिरणीने सोडलं नाही, कुणाची बोट एडनला होती. ताईचं पत्र आलं. तिने लिहिलं होतं, ‘मामंजींनी मैदानावरचं गवत काढून घेतलं आणि चुन्याने रेघा मारून ठेवल्या आहेत. रोज बोटीच्या वेळेला बंदरावर जाऊन येतात. काल म्हणाले, अकरा नाही आले तर नाही, सहा आले तरी भागेल.’

मला रजा मिळाली होती. बाकीचे दहा येणार नाहीत, मग मी एकटा जाऊन काय करू, म्हणून मी गेलो नाही.